सोने मूलद्रव्य, दागिना मिश्रण: घरी आणि सराफाकडे कसे पडताळावे

सोने मूलद्रव्य की संयुग? सोने हे मूलद्रव्य आहे, संयुग नाही. अणुअंक ७९. निसर्गात त्याचा एकच स्थिर समस्थानिक सापडतो, वस्तुमानांक १९७. आवर्तसारणीत ते तांबे आणि चांदीच्या उभ्या रांगेत, त्यांच्याच खाली बसते. शाळेच्या परीक्षेपुरते एवढे उत्तर पुरे. जळगावच्या सराफ बाजारात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी जुनी पोत मोडायला जाणाऱ्याला मात्र ते अर्धेच आहे, कारण त्याच्या हातातला दागिना मूलद्रव्यही नसतो आणि संयुगही नसतो. तो संमिश्र असतो, म्हणजे सोने, चांदी आणि तांबे वितळवून एकजीव केलेले मिश्रण. कॅरेट, टंच (शुद्धतेची तपासणी आणि तिचा टक्का), घट (आटवताना कमी होणारे वजन), मोड (जुना दागिना मोडून देणे) ही सगळी भानगड या फरकातून निघते.

संयुगात घटकांचे प्रमाण ठरलेले असते. मीठ समुद्राचे असो की खाणीचे, त्यात वजनाने ३९.३ टक्के सोडियम आणि ६०.७ टक्के क्लोरीन असते, आणि दोघांचे मूळ गुण त्यात उरत नाहीत. मिश्रणात प्रमाण आपण ठरवतो. हजार भागांत ९१६ भाग सोने ठेवले की २२ कॅरेट, ७५० ठेवले की १८ कॅरेट, ५८५ ठेवले की १४ कॅरेट. सोने त्यात सोने म्हणूनच राहते, म्हणून ते पुन्हा वेगळे काढता येते. सोने संयुग असते तर '२० कॅरेटचे सोने' हा शब्दच निघाला नसता.

मिसळीचे गणित

चोख सोने फार मऊ असते. नखाने सहज ओरखडा उठत नाही, पण पाटली रोजच्या वापरात वाकते आणि खडा कोंदणातून सुटतो. म्हणून त्यात मिसळ घालतात. सूत्र सोपे आहे: वजन × शुद्धता = चोख सोन्याचे वजन. मिसळ घातल्याने हा आकडा बदलत नाही, फक्त एकूण वजन वाढते.

९९५ शुद्धतेचे १० ग्रॅमचे बिस्किट घ्या. त्यात चोख सोने ९.९५ ग्रॅम. त्याचे ९१६ करायचे तर ९.९५ ÷ ०.९१६ = १०.८६ ग्रॅम. म्हणजे ०.८६ ग्रॅम मिसळ. त्यात तांबे जास्त घातले तर रंग लालसर येतो, चांदी जास्त घातली तर फिकट, किंचित हिरवट पिवळा. दोन्ही २२ कॅरेटच. त्यामुळे 'रंग लाल आहे म्हणजे सोने हलके' हा निष्कर्ष रंगावरून काढू नये.

उलट दिशेचे गणित ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. १८ कॅरेटची १० ग्रॅमची साखळी आहे आणि त्यात चोख सोने घालून ती २२ कॅरेटची करायची आहे. किती घालावे लागेल? जवळपास १९.८ ग्रॅम, म्हणजे साखळीच्या दुप्पट. मिसळ बाहेर जात नाही, ती फक्त पातळ होते. म्हणून हलक्या कॅरेटचे जुने सोने 'थोडे चोख घालून' चढवून देतो असे कोणी म्हणाले तर कागदावर हिशेब मागावा. खरा मार्ग गाळणीचा आहे: मिसळ रासायनिक रीतीने काढून टाकायची आणि सोने चोख करून घ्यायचे.

तोळ्याबद्दलही एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा (१२ मासे, ९६ गुंजा), तर आज बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. आजीच्या वहीत 'पाच तोळे' लिहिले असेल तर ते ५८.३ ग्रॅम असू शकते. वजन कमी भरले म्हणून घरात संशयाचे वारे सुटण्याआधी हे पाहावे.

घरी घनता कशी काढायची

घरगुती तपासण्यांत ही एकच कामाची. चुंबकाने फार कळत नाही: चांदी, तांबे, पितळ, शिसे, टंगस्टन यांतले काहीच चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे आत लोखंड नाही एवढेच समजते. शिवाय साखळीच्या फाशात पोलादी स्प्रिंग असू शकते, तेवढाच भाग चिकटला तर घाबरू नका. लिंबू, व्हिनेगर, दातांनी चावणे, काडी पेटवून धरणे हे सगळे सोडून द्या. नायट्रिक आम्ल घरी आणू नका. त्याचा धूर फुप्फुसाला घातक आहे.

सोन्याची घनता १९.३२ ग्रॅम प्रति घनसेंमी, चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६, पितळेची साडेआठच्या आसपास. हे अंतर इतके मोठे आहे की नुसता मुलामा दिलेला दागिना इथे लगेच पकडला जातो.

लागेल ते असे: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा २०० ग्रॅमचा छोटा वजनकाटा, हलका प्लास्टिकचा पेला, शिवणाचा बारीक दोरा, आणि दोरा टांगायला एखादी काडी किंवा पट्टी. काचेचा जड ग्लास घेतला तर काट्याची क्षमता त्यातच संपते.

दागिना आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण कोरडा करा आणि वजन घ्या. हे पहिले वजन. पेल्यात दागिना बुडेल एवढे पाणी घ्या, त्यात द्रवरूप साबणाचा एकच थेंब टाका, पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करा. काट्याच्या दोन बाजूंना पुस्तकांची चळत लावून त्यावर पट्टी आडवी ठेवा आणि दागिना दोऱ्याने पट्टीला बांधून पाण्यात सोडा. तो पूर्ण बुडाला पाहिजे, पण तळाला किंवा पेल्याच्या कडेला टेकता कामा नये. हाताने धरू नका, हात थरथरतो आणि आकडा नाचतो. आता काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे दागिन्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच जवळपास त्याचे घनफळ. पहिले वजन भागिले हा आकडा: घनता.

समजा भरीव पाटली २५.०० ग्रॅम आहे आणि पाण्यात आकडा आला १.४१. घनता १७.७. तीच पाटली आतून तांब्याची आणि वरून मुलाम्याची असती तर आकडा २.७९ च्या आसपास आला असता. एवढी तफावत नवशिक्याच्याही नजरेतून सुटत नाही.

मिसळीत चांदी किती आणि तांबे किती यावर आकडा थोडा हलतो, म्हणून एकच संख्या न पाहता पट्टा पाहावा:

२४ कॅरेट: १९.३
२२ कॅरेट: १७.६ ते १८.०
२० कॅरेट: १६.२ ते १६.९
१८ कॅरेट: १५.० ते १६.०
१४ कॅरेट: १३.० ते १४.३

पांढऱ्या सोन्याला हे पट्टे लागू नाहीत, त्यात पॅलेडियम किंवा निकेल असते.

कुठे चुकते ते आता पाहू, कारण बहुतेकांचा आकडा पहिल्या खेपेला चुकतोच. सगळ्यात मोठा दोषी हवेचा बुडबुडा. साखळीच्या कड्यांत, गोफाच्या विणीत, नक्षीच्या खाचेत तो अडकतो, घनफळ फुगवतो आणि चांगले सोने हलके दाखवतो. साबणाचा थेंब त्यासाठीच. दागिना पाण्यात सोडल्यावर दोरा दोन-तीनदा हलकेच झटका, नीट निरखा, मग आकडा घ्या. दुसरा दोष वजनाचा: २५ ग्रॅमच्या पाटलीत ०.०१ ची चूक झाली तर घनता १७.६ आणि १७.९ यांच्यात फिरते, ते चालते. २ ग्रॅमच्या अंगठीत पाण्यातला आकडाच ०.११ असतो, तिथे ०.०१ ची चूक म्हणजे नऊ टक्के, आणि मग २२ कॅरेट की १८ हे सांगता येत नाही. दहा ग्रॅमच्या खाली ही तपासणी करू नये. तिसरा दोष आपल्याकडच्या उन्हाळ्याचा. मे महिन्यात धुळ्या-भुसावळात टाकीचे पाणी ४० अंशांवर असते, त्याची घनता ०.९९२. त्यामुळे उत्तर किंचित जास्त येते. आलेली घनता ०.९९२ ने गुणा, किंवा माठातले पाणी वापरा.

आणि काही दागिन्यांना ही रीत लागूच पडत नाही. पोतीतले, एकदाणीतले पोकळ मणी आतून लाखेने भरलेले असतात. पोकळ बांगड्या, खडे जडवलेल्या अंगठ्या, मोत्यांची नथ यांची घनता नेहमी कमीच येणार. ती कमी आली म्हणून सोनाराला शिव्या देऊ नयेत.

उलटी फसगत टंगस्टनची. त्याची घनता १९.२५, सोन्याच्या अगदी जवळ. हा धातू दागिन्यात घडवणे अवघड आहे, धोका बिस्किटात आणि लगडीत. तो वितळतो ३४२२ अंशांना आणि सोने १०६४ अंशांना, म्हणून मुशीत घातले की लबाडी उघडी पडते. बिस्किट घ्यायचे तर सीलबंद, क्रमांकाचे घ्यावे.

कस, मशीन आणि भट्टी

सोनाराची कसोटी म्हणजे काळा, बारीक कणाचा दगड. त्यावर दागिना घासून रेघ ओढतात, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढतात आणि दोन्हींवर आम्ल लावतात. तांबे-चांदी विरघळते, सोने टिकते. रेघ किती फिकट पडली त्यावरून कस सांगतात. मुरलेल्या हाताला अंदाज चांगला येतो, पण ९१६ आणि ९०० यांतला फरक यावर सोडू नये.

हल्ली दुकानोदुकानी एक्स-रे किरणांची टंच मशीन असते. अर्ध्या-एक मिनिटात सोने, चांदी, तांबे, जस्त, कॅडमियम सगळ्यांचे टक्के दाखवते. पडद्यावर फक्त सोन्याचा आकडा न पाहता पूर्ण यादी पाहा आणि तिचा कागद मागा. ही मशीन वरचे काही मायक्रॉनच वाचते. जाड मुलामा असला तर ती मुलामाच मोजते. म्हणून तीन जागी तपासून घ्यावे: पुढच्या बाजूला, झाळलेल्या सांध्याजवळ, आणि आतल्या झिजलेल्या भागावर. सांध्यावर आकडा कमी येणे साहजिक आहे, तिथे डाख, म्हणजे सांधा जोडणारा हलक्या कसाचा धातू असतो.

शेवटचा शब्द भट्टीचा. दागिन्याचा छोटा तुकडा अचूक तोलतात, त्यात सोन्याच्या अडीच ते तीन पट चांदी घालतात, सगळे शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र कुपीत हजार अंशांच्या वर तापवतात. शिसे आणि तांबे ऑक्सिडीकरण होऊन कुपीत शोषले जातात, सोने-चांदीची गोळी उरते. ती ठोकून, पत्रा करून, वळकटी करून नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते, सोने उरते, ते तोलतात. मुद्दाम चांदी घालण्याचे कारण असे की सोन्याचे प्रमाण जास्त असले तर आम्ल आतल्या चांदीपर्यंत पोचत नाही. या साऱ्या आगी-आम्लातून गेल्यावरही सोने तेवढेच उरते. मूलद्रव्य असल्याचा याहून रोखठोक पुरावा बाजारात मिळत नाही.

मोड करताना

'सोने आटवले की घट येतेच' हे वाक्य अर्धे खरे आहे. सोने जळत नाही, हवेत उडत नाही, त्याचे ऑक्साइड होत नाही. मुशीत कमी होते ते दुसरे काहीतरी: मण्यांतली लाख, खाचांतला मळ आणि साबण, डाखातले जस्त, तांब्याचा थोडा अंश जो टाकणखारात (आटवताना मळ ओढून घ्यायला घालतात त्या क्षारात) जातो. जुन्या केडीएम दागिन्यांच्या डाखात कॅडमियम असते; ते ७६७ अंशांना उकळते, म्हणजे सोने वितळण्याच्या बरेच आधी धूर होऊन जाते. तो धूर विषारी आहे, भट्टीजवळ तोंड नेऊ नका. केडीएम हा शिक्का शुद्धतेची हमी नाही, हेही जाता जाता. सोन्याचे काही बारीक कण मुशीला आणि टाकणखाराच्या मळीला चिकटतात, पण तेही सोनेच राहतात. सराफ गल्लीतली धूळ धुऊन त्यातून सोने काढणाऱ्या झारेकऱ्यांचा धंदा त्याच जोरावर चालत आला.

म्हणून मोड करताना क्रम असा ठेवा. खडे, मोती, रेशीम काढून वजन. मग आटणी तुमच्यासमोर. थंड झालेल्या लगडीचे वजन. मग लगडीची दोन्ही बाजूंनी टंच. शेवटी गुणाकार. २० ग्रॅमची जुनी पोत आटवून १८.९० ग्रॅम भरली आणि टंच ८९.५ आली, तर चोख सोने १६.९२ ग्रॅम. पैसे त्या दिवसाच्या २४ कॅरेटच्या दराने याच वजनावर लागावेत. गाळणीचा खर्च वेगळा असेल तर तो वेगळा लिहून घ्यावा.

फसगत होते ती दुहेरी घटीत. आटवून १८.९० झाल्यावर पुन्हा 'चार टक्के घट' धरली की वजन १८.१४ होते आणि चोख सोने १६.२४ उरते. पाऊण ग्रॅमच्या जवळपास चोख सोने नुसत्या शब्दावर गेले. घट आटवण्याआधीच्या अंदाजासाठी असते. आटवल्यावर ती काट्याने सांगितलेली असते, तोंडाने सांगायची गरज नाही.

सोन्याची खरी संयुगे

सोने संयुग नसले तरी त्याची संयुगे असतात, आणि ती ओळखीची हवीत. एकटे हायड्रोक्लोरिक किंवा एकटे नायट्रिक आम्ल सोन्याला शिवत नाही; तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक यांचे अम्लराज त्याला विरघळवते. त्यातून सोन्याचे क्लोराइड-संयुग बनते, पिवळे-नारिंगी द्रावण. दारावर 'दागिने चकचकीत करून देतो' म्हणणारे हीच युक्ती करतात. दागिना लखलखीत परत मिळतो, वजन मात्र उतरलेले असते. असे घडलेच तर भांड्यात उरलेले पाणी ओतून देऊ नका, हात लावू नका, मोकळ्या हवेत झाकून ठेवा आणि पोलिसांना दाखवा. त्या द्रावणात हिराकस (लोहाचे सल्फेट) घातला की सोने तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसते. पण हे प्रयोगशाळेत करायचे काम आहे, स्वयंपाकघरात नाही.

ॲल्युमिनियमसोबत सोने खरोखरच ठरलेल्या प्रमाणात जुळते: एक अणू सोने, दोन ॲल्युमिनियम. सोन्याचा वाटा ७८.५ टक्के. रंग चक्क जांभळा, आणि हातोडी मारली की तुकडे. वर्ख होईपर्यंत ठोकता येणारा धातू संयुगात गेला की गुण किती पालटतात ते इथे दिसते.

नदीच्या वाळूत किंवा दगडात काही पिवळे चमकले तर ते बहुधा अभ्रक किंवा सोनमाखी. सोनमाखी हे लोह आणि गंधकाचे संयुग, सोन्याशी त्याचा संबंध नाही. हातोडीचा ठोका द्या: सोने चपटे होते, सोनमाखीचा चुरा होतो. खरबरीत पांढऱ्या फरशीवर घासा: सोन्याची रेघ पिवळी, सोनमाखीची काळपट. खानदेशाचा बहुतेक दगड काळा बेसाल्ट आहे. सोन्याच्या खाणी कर्नाटकात, हट्टीला. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली.

पाऱ्याशी मात्र सावध राहा. थर्मामीटर फुटला की अंगठी आधी काढा. पारा सोन्यात शिरतो, अंगठी पांढरी पडते आणि ठिसूळ होते. ती गॅसवर तापवू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. बंद डबीत घालून सोनाराकडे न्या आणि पारा लागल्याचे आधी सांगा.

काळे पडणे आणि धुणे

काळी पडते ती मिसळ, सोने नव्हे. गंधकाची फवारणी करून आलेला हात, घाम, केसांचा रंग यांनी तांबे-चांदी काळवंडते. म्हणून १४ आणि १८ कॅरेट लवकर मळते, २२ उशिरा. कोमट पाण्यात रिठा किंवा सौम्य साबण, दहा-पंधरा मिनिटे भिजवणे, मऊ ब्रश, साधे पाणी, सुती कापड. लाखेचे मणी गरम पाण्यात घालू नका. टूथपेस्ट ओरखडे पाडते. ब्लीचिंगच्या पाण्यात हात घालण्याआधी अंगठी काढा, क्लोरीन सांधे कुरतडते.

हॉलमार्क वाचणे

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीचा असलेल्या भागांत सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) नसलेला नवा हॉलमार्क दागिना दुकानदाराला विकता येत नाही. शिक्के तीन: बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) त्रिकोणी लोगो, शुद्धता (२२के९१६ असे) आणि एचयूआयडी. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडाऊ काम यांना सूट आहे. भिंगातून एचयूआयडी वाचा, बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. शुद्धता, नोंदणी आणि वस्तूचा प्रकार दिसतो. हातात बांगडी आणि ॲपवर 'अंगठी' आली तर तिथेच थांबा. जुन्या, चार शिक्क्यांच्या दागिन्यावर एचयूआयडी नसतो, म्हणून तो खोटा ठरत नाही.

हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली तर २०१८ च्या बीआयएस नियमांप्रमाणे विकलेल्या वजनावरील शुद्धतेच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. त्यासाठी मान्यताप्राप्त केंद्राचा अहवाल लागतो, दुकानातल्या मशीनचा कागद चालत नाही. आणि बिलावर वजन, कॅरेट, घडणावळ स्वतंत्र लिहिलेली असावी लागते.